तू रिकामा केलेला पेला

मॅक्लिओडगंज,
नव्या वर्षाचे, लोसारचे दिवे उतरवल्यानंतर

प्रिय यांगकी,

'प्रिय' लिहावं की नाही, या वादात बरेच कागद फाडले. शेवटी लिहिलंच, कारण दुसरं काहीही लिहिलं असतं तर ते माझं मलाच खोटं वाटलं असतं. माझा फोन का लागत नाही, असा प्रश्न तुला पडला असेल, किंवा नसेलही. तो भागसूच्या नाल्यात आहे. 'या लोसारलाही जमणार नाही, वाट पाहू नका' हा तुझा निरोप पुलावर उभा राहून वाचला आणि तिथूनच भिरकावला. घरी येऊन तुझ्या आजीला, मो-लाला, निरोप सांगितला आणि फोनचंही सांगितलं. ती जपमाळ न थांबवता म्हणाली, "आता नाल्यातल्या बेडकांना बेल्जियमहून फोन येतील." यांगकी, तू परत येणार की नाही, हा एकच प्रश्न सध्या या घरात आहे आणि तो कुणीच तोंडानं विचारत नाही.

मी अजून मो-लाच्याच गेस्टहाउसमध्ये आहे. चादरी बदलतो, बंब पेटवतो, पाहुण्यांना त्रिउंडच्या डोंगराची वाट दाखवतो. कॉलेजचं नाव काढलं की मी उठून जातो, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. घरचे नाशिकला स्वेटर विकून परवा परतले. बाबा आल्या आल्या बाजारात चार लोकांसमोर म्हणाले, "आमच्या चोफेलनं प्रेमासाठी कॉलेज सोडलं, आणि प्रेम विमानात बसून गेलं!" लोक हसले. मी समोरचं स्टूल लाथाडलं. मग पायाला लागलं म्हणून आणखी हसले. तू असतीस तर तूही हसली असतीस, आणि मग मी तुझ्याशी दोन दिवस बोललो नसतो.

तू गेल्यानंतरच्या वसंतात इथे सिग्रिड नावाची एक नॉर्वेची बाई आली. मो-लाहून थोडीच लहान, काठीसारखी ताठ. नवरा वारल्यावर घरात बसवेना म्हणून निघालेली. पहिल्याच सकाळी ती मंदिराच्या टेकडीभोवती प्रदक्षिणेला गेली आणि थेट उलट्या दिशेनं चालू लागली. झालं! समोरून येणारी प्रत्येक म्हातारी तिला अडवायची. कुणी हातवारे करून, कुणी काठीनं, कुणी खांदे धरून फिरवायचा प्रयत्न. आमची पेमसांग आजी तर तिच्यावर ओरडली, "अगं बाई, देव काय उलटा बसलाय का?" सिग्रिडला वाटलं, इथली माणसं किती प्रेमळ आहेत, प्रत्येक जण थांबून विचारपूस करतो! ती प्रत्येकीला वाकून नमस्कार करत पूर्ण फेरी उलटीच मारून आली. आम्ही सगळे आयुष्यभर एकमेकांच्या पाठी बघत तिथे फिरतो. तिला एका सकाळीत गावाचे सगळे चेहरे दिसले. दुसऱ्या दिवसापासून ती सुलटी चालायला लागली, पण तोवर प्रत्येक म्हातारी तिला ओळखत होती. मो-ला नवरा गेलेल्या दिवसांबद्दल तिच्याशी तिबेटीत बोलायची, ती नॉर्वेजियनमध्ये उत्तर द्यायची. मध्ये मी बसलेलो असायचो, पण भाषांतर कर असं मला दोघींपैकी कुणी कधी सांगितलं नाही.

ती निघाली तेव्हा मो-लानं रीतीप्रमाणे तिच्या गळ्यात खाताग, निरोपाचं पांढरं रेशमी उपरणं घातलं आणि लोण्याच्या चहानं पेला काठोकाठ भरून समोर ठेवला. जाणाऱ्यानं ओठ टेकवायचे आणि पेला भरलेलाच सोडून जायचं, म्हणजे तो प्यायला माणूस परत येतो. तुला काय सांगायचं! पण सिग्रिडला कोण सांगणार? तिनं श्वास रोखून एका दमात पेला संपवला आणि उपडा करून दाखवला. गाडी वळल्यावर मो-ला पायरीवर बसली आणि म्हणाली, "गेली. तळ दाखवून गेली. आता ही कसली येते!" मी हसलो. मग मला हसवेना. मी आत जाऊन उगाच लाकडं फोडत बसलो.

कारण मी तुला पाहिलं होतं, यांगकी. त्या सकाळी मो-ला तुझ्यासाठी चुर्पी, सुकं चीज बांधून आणायला आत गेली होती. मी तुझी पेटी उचलायला दारात आलो, तर तू खिडकीकडे तोंड करून पेला दोन्ही हातांनी धरून पीत होतीस. घोट नव्हे, सगळा. सिग्रिड परकी होती. तू तर याच घरात, याच पेल्यांमध्ये वाढलीस. तू पेला खाली ठेवलास आणि माझ्याकडे बघितलंस. बस स्टँडपर्यंत मी तुझ्याशी भांडलो ते पेटीच्या वजनावरून. मूर्खच मी! खरं भांडण पेल्याचं होतं. परत आल्यावर मो-ला देवघरात होती. मी थर्मास उचलला, पेला भरून टाकला आणि झाकण ठेवलं. तेव्हापासून ती रोज सकाळी तो पेला ओतून ताज्या चहानं भरते आणि मी रोज सकाळी तुझ्यावर चिडतो.

या लोसारच्या तिसऱ्या दिवशी, छतावर नव्या पताका बांधत होतो तेव्हा खाली कुणीतरी हाक मारली. पाठीवर पिशवी, नाक लालबुंद, गळ्यात तेच खाताग, धुऊन धुऊन पिवळं पडलेलं. सिग्रिड! मो-ला तिच्याकडे भूत बघावं तशी बघत राहिली आणि मला म्हणाली, "हिनं तर तळ दाखवला होता ना रे?" जेवताना मी सिग्रिडला सगळी रीत समजावली. ती बिचारी काळीठिक्कर पडली. म्हणाली, "मला तो चहा मुळीच आवडत नाही. पण इतक्या मायेनं दिलेला टाकून कसं जायचं? म्हणून डोळे मिटून प्यायले." हे मी मो-लाला सांगितलं. ती हसली, इतकी हसली की खोकल्याची उबळ आली आणि मला पाठ चोळावी लागली. दम परतल्यावर माझा कान धरून म्हणाली, "आणि तू, गाढवा! यांगकीचा पेला तूच भरलास ना? गोड चहा होता तो. गार झाल्यावर वर लोण्याचा थरच नाही! माझी नात काय गोड चहासाठी परत येणार होय?"

तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, यांगकी. रिकामा पेला माहीत असूनही ती रोज भरत होती.

आता हे पत्र का लिहिलं ते. ती खोकल्याची उबळ खोकल्याची नव्हती. मो-लाच्या हृदयाची एक झडप निकामी झाली आहे. डॉक्टरांनी तिला थोडी ताकद येऊ दे म्हटलंय; सागा दावाच्या पवित्र महिन्याआधी तिला चंदीगडला न्यायचं, ऑपरेशन करायचं. ती वाचेल का, असं मी विचारलं तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मी झटकला. तुला कळवायचं नाही अशी मो-लानं मला शपथ घातली होती. ती मी मोडतोय. उद्या निघणारं बेल्जियमचं जोडपं हे पत्र तुझ्या हातात देईल. तिच्यासोबत मी जाणार, म्हणजे मागे राहून, तिनं निघताना सोडलेला पेला रोज भरायला घरात कुणीच उरत नाही, आणि रिकाम्या घरात भरलेल्या पेल्याला अर्थ नसतो. म्हणून मो-लानं ते काम सिग्रिडवर सोपवलंय. ती आत्ता खाली चहा घुसळायला शिकते आहे आणि मिठावरून शिव्या खाते आहे. तू पेला का रिकामा केलास, हे मी विचारणार नाही. तुला खरंच यायचं नसेल. किंवा सिग्रिडसारखंच, तुझ्यानंही तो टाकून जाववलं नसेल. माझ्यासाठी येऊ नकोस. मी बस स्टँडवर येणार नाही. येईन. पण तू तिच्यासाठी ये. मो-ला चंदीगडला निघाली की तिच्या पेल्याशेजारी तुझाही भरून ठेवायचा, असं तिनं सिग्रिडला बजावलंय. आणि मला बजावलंय की, या वेळी थर्मासला हात लावायचा नाही.

रागावलेला, तरी तुझाच,
चोफेल