फाशी रद्द झाली म्हणतात

करज, आजर महिना २०

चि. खोसरो यास,
फरंगीसताईचे भरभरून आशीर्वाद. फोनवर मोकळं बोलायची सोय राहिली नाही, म्हणून यझ्दच्या बसवाल्याबरोबर हे पत्र देते.

तुझ्या भाच्याला, परहामला, फाशी सुनावली. मोर्चात कचरापेटी जाळली म्हणजे देवाशी युद्ध केलं, असं न्यायाधीश म्हणाले. आपला वकील दारातच अडवला. कोर्टानेच नेमलेल्या वकिलाला परहामची बाजू मांडायला लावलं, तर तो उभा राहून माफीच मागू लागला. न केलेल्या गुन्ह्याची माफी कशी मागतात रे? कबुली मारहाण करून घेतली, असं परहाम सांगू लागला, तर त्याला खाली बसवलं.

आता कुणी एक साहेब रोज फोन करतात. गप्प राहा, मुलगा सुटेल म्हणतात. शेजारच्या महीनबाई म्हणतात, गप्प राहिलेल्यांचीच पोरं आधी गेली. तुझे दाजी सलूनमध्ये गिऱ्हाइकाच्या एकाच गालाची दाढी करून थांबतात. तू शिकलेला, तूच सांग.

तुझी गोंधळलेली
ताई

यझ्द, दे महिना ४

ती. ताईस,
खोसरोचा शि. सा. न.

मी शिकलेला खरा, पण भूमिती. इथे ती चालत नाही. गप्प राहा असं लिहिलं आणि फाडलं. बोल असं लिहिलं, तेही फाडलं. तुझी भावजय म्हणाली, आता ताईंना कोरा कागद पाठवणार का? तिने एवढंच विचारलंय, की त्या साहेबांनी स्वतःचं नाव तरी सांगितलं का? नाव न सांगणाऱ्याकडून आपण भाजीसुद्धा घेत नाही, म्हणे.

परहामसाठी बदामाचं सारण भरलेले गोड कोत्ताब पाठवतोय. तुरुंगात घेतले नाहीत तर तूच खा. जेवत नसशील, ठाऊक आहे.

धाकट्यावर रागाव, पण माया कमी करू नकोस.
खोसरो

करज, बहमन महिना ९

चि. खोसरो यास,
आशीर्वाद.

साहेबांना नाव विचारलं, त्यांनी फोन ठेवला. मग मी दुकानासमोर खुर्ची टाकून बसले आणि महीनबाईंच्या मुलीने मोबाइलवर चित्रण केलं. परहामचं नाव, वय, कोर्टात काय झालं, एवढंच बोलले. रडले नाही, तर लोक म्हणाले आई कठोर आहे. दुसऱ्या दिवशी दाजींना उचलून नेलं, संध्याकाळी सोडलं. दुकानाला सील लागलं.

काल बातमी आली, वरच्या कोर्टाने फाशी रद्द केली. मी गल्लीभर मिठाई वाटली. मग वकील आले. रद्द म्हणजे सुटका नव्हे, खटला पुन्हा चालणार, म्हणाले. कुठे, विचारलं. त्याच कोर्टात. कुणापुढे, विचारलं. न्यायाधीशही तेच.

माझ्या बोलण्याने हे झालं की नसते बोलले तर पोर घरी आलं असतं, कुणी सांगत नाही. आज भेटीत काचेपलीकडून परहामने विचारलं, आता मी फाशीचा कैदी की साधा?  मी म्हणाले, केस फार वाढलेत तुझे. तो हसला.

लोक अजून मुबारक म्हणायला येतात. मी चहा टाकते.

नवी तारीख लागली की ये. तुलाही आत सोडणार नाहीत. पण त्या दारापाशी दाजी काही बोलत नाहीत, आणि मला कुणीतरी बोलणारं हवंय.

तुझी
ताई