वाकड्या तोंडासकट

४ मार्च

चि. डांबरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी वहिनी परवा बिस्किटांचा डबा घेऊन आली. झाकणावरची पोरगी तू काढलेली, हे तूच तिला फोनवर सांगितलं होतंस. गुबगुबीत गाल, बशीएवढे डोळे! मी पडलो शिंपी, माझी नजर आधी गळ्याकडे गेली. या पोरीला मानच नाही गं. कॉलर बेतायची म्हटली तर कुठे बेतू?

बाबांना डबा दाखवला. त्यांनी चांगल्या हातानं तो उलटासुलटा करून पाहिला आणि हे आपल्या डांबरीचं नाही, म्हणून बाजूला सारला. मी शपथेवर सांगितलं तरी पटेना. तुझ्या जाड काळ्या रेघा बघून हे नाव त्यांनीच ठेवलेलं, तेव्हा वाद कोण घालणार?

आता खरं सांगतो. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचं तोंड डावीकडे ओघळलंय. दुसरा झटका कधीही येईल, असं डॉक्टर म्हणाले. फोटो ते कुणालाच काढू देत नाहीत. पण काल तुटक तुटक बोलत म्हणाले, की डांबरीला बोलाव, तिनं मला काढावं. आहे तसं, वाकड्या तोंडासकट. ती कुणाला लाडीगोडी लावत नाही, म्हणाले.

उशीर करू नकोस. तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
दादा

९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रजा मिळाली. शनिवारी पोचते.

मानेचं वाचून खूप हसले, आणि मग हसू आलं नाही. माझ्या प्रदर्शनाला किती माणसं आली होती ते तू पाहिलंसच. त्यातली निम्मी आपल्याच घरची. त्यानंतर ही डब्यांवरची चित्रं काढायची नोकरी धरली. साहेबांनी पहिल्या दिवशी माझी चित्रं चाळली आणि विचारलं, की तुमची माणसं इतकी दमलेली का दिसतात. नाकं लहान करा, सुरकुत्या नकोत, बाकी हात चांगला आहे, म्हणाले.

दिवसा त्यांचं काढायचं आणि संध्याकाळी माझं, असं ठरवलं होतं. काही महिने जमलंही. मग खोलीवर आले की भिंतीकडे तोंड करून पडायला लागले. कोळशाच्या कांड्या खणात तशाच आहेत. दोन वर्षं हात लावला नाही, हे फक्त तुला सांगतेय.

पण बाबांचा चेहरा मला पाठ आहे. तो कसा चुकेल? त्यांना सांग, येतेय.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझी डांबरी

१० एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नीट पोचले. बाबा गेल्यावर तिथे दोन आठवडे राहिले, पण जे बोलायचं होतं ते तोंडातून निघालं नाही. म्हणून लिहितेय.

पहिल्यांदा आले तेव्हा आठवडाभर त्यांच्या खाटेशी बसून कागदामागून कागद काढले. ओघळलेलं तोंड समोर होतं आणि माझा हात ते सरळ करत होता. बसलेले गाल भरत होता. डोळ्यांत नसलेली चमक घालत होता. पुसलं, फाडलं, पुन्हा तेच. शेवटी निघायच्या दिवशी एक त्यांच्यासमोर धरलं. बराच वेळ बघितलं आणि छान आहे, म्हणाले.

दादा, बाबांनी माझ्या चित्राला उभ्या जन्मात छान म्हटलं नव्हतं. नाक सुजवलंस म्हणायचे, हात फावड्यासारखे काढलेस म्हणायचे, आणि चित्र तासभर हातातून सोडायचे नाहीत. छान आहे हे ते आपल्या शिवणाच्या दुकानात म्हणायचे, गिऱ्हाइकानं भलतंच कापड आणलं की.

त्या दिवशी मी निघाल्यावर ते माझ्याबद्दल काही बोलले का? वहिनीला विचारलं की ती विषय बदलते. तू मात्र खोटं लिहू नकोस.

तुझीच,
डांबरी

१६ एप्रिल

चि. डांबरीस,
अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस म्हणून लिहितो, नाहीतर माझ्यापाशीच ठेवलं असतं.

तू गेलीस त्या संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, की चित्र काढायला आलेल्या बाईंना चहा दिलास ना. मी हो म्हणालो. मग विचारलं, आपली डांबरी कधी येणार. मी म्हणालो, निघाली आहे. दोन दिवसांनी ते गेले, तोवर दाराकडे तोंड करून पडले होते.

अशा दुखण्यात माणसं ओळखू येत नाहीत, असं डॉक्टर म्हणतात. मी तेच धरून चाललोय, तूही धर. मला मात्र ते शेवटपर्यंत नावानं हाक मारत होते, हेही लपवत नाही.

भेटायला येणारे तुझ्या चित्राचं कौतुक करतात. किती शांत दिसतात, म्हणतात. मला ते दुसऱ्याच कुणाचे वडील वाटतात. तरी भिंतीवरून उतरवलं नाही. दुसरं आहे कुठे?

जेवत जा. रागावली असशील तरी पत्र पाठव.
दादा

३० एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सांगितलंस ते बरं केलंस. रागावले नाही.

नोकरी सोडली. आता रोज सकाळी कोळसा घेऊन बसते. बाबांचं तोंड आठवते आणि काढते. इतके दिवस ते सरळच येत होतं. काल वाकडं आलं. जीव भांड्यात पडला, उठून दिव्याखाली नेऊन पाहिलं. पण ते बाबांचं नव्हतं रे. ते मी मुद्दाम वाकडं केलं होतं, पूर्वीच्या डांबरीची नक्कल करून.

अजून रोज बसते. रेघ ओढते, आणि ती कुणाची आहे ते मलाच ओळखू येत नाही.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझी बहीण