जुन्या शाखेतली हाक

४ ऑगस्ट
शाळेत माझा चष्मा फुटला, तेव्हा उषा मधल्या सुट्टीत चॅपेलच्या पायरीवर बसून मला भूगोल वाचून दाखवायची. तोंडात पोळीचा घास, त्यामुळे सगळ्या नद्या एकसारख्याच ऐकू यायच्या.
आज तिचाच फोन. आता तिला दिसत नाही, पुस्तकं कॉम्प्युटर बाईच्या आवाजात वाचतो. "लॉर्ना, तुझी बाई परत वाक्याच्या मध्येच गप्प! खून कोणी केला ते तरी सांगून थांबायचं ना!"

६ ऑगस्ट
दोष आम्हीच लिहितो त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या थ्रेड लायब्ररीत. थ्रेड म्हणजे एकाच वेळी राबणारे कामकरी: एक पान उचलतो, दुसरा बोलतो. बोलणारा झोपायच्या बेतात असताना 'पान तयार' अशी हाक आली, तर ती हरवते. मग तो झोपूनच.
नव्या शाखेत, म्हणजे सिस्टिमच्या नव्या आवृत्तीत, अपडेट सांभाळणाऱ्या परागने हे केव्हाच दुरुस्त केलंय. पण ती शाखा उषाच्या जुन्या मशीनवर चालत नाही, आणि नवं मशीन तिला नको. "या बाईच्या आवाजाची सवय झालीय गं."
म्हणजे बदल जुन्या शाखेत आणायचा. ती पुढच्या शनिवारी बंद. शेवटचं अपडेट, मग काहीच नाही.

८ ऑगस्ट
बदल जसाच्या तसा बसला, एक ओळ अडली नाही. हुरळून मरोळला उषाकडे गेले, तिच्या मशीनवर घातला. आवाजच बंद.
उ.: "आधी अडखळायची, आता मौनव्रत. प्रगती आहे हो!"
वर चहा पाजला.

९ ऑगस्ट
कळलं. एका वेळी एकच थ्रेड आत यावा म्हणून कुलूप असतं; नव्या शाखेत हाक मारणारं फंक्शन ते स्वतः लावतं. जुन्यात बोलावणारा आधीच लावून येतो. मी दुसऱ्यांदा लावलं. बिचारा थ्रेड स्वतःचीच वाट बघत दाराशी...
दोन ओळी काढल्या. दुपारी उ.ने फोन स्पीकरपाशी धरला. बाई वाचत होती.
शेवटचं अपडेट आलं की माझ्या हातचं हे पुसलं जाईल. परागने त्या अपडेटमध्ये घेतलं तरच टिकेल. तो म्हणतो, "मॅडम, शाखा बंद होताना लॉकिंगला हात? एका मशीनसाठी?"
"एका मैत्रिणीसाठी, रे."

१० ऑगस्ट
उद्या माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन. आठवडाभर स्क्रीन बंद. परागचं उत्तर नाही.
फ्रान्सिस, नवरा म्हणून एवढं कर. दुरुस्तीचा पॅच नि तो तपासायचा प्रोग्रॅम परागला गेलेत, त्याला फोन लावत राहा. कपाटातलं जुनं मशीन उषाला, सुट्या भागांसाठी. माझा चष्मा कुणालाच नको.
आणि ऑपरेशन झालं की मला मरोळला सोड. उषाला सांग, पुस्तक पहिल्यापासून लाव. खून कोणी केला, मलाही ठाऊक नाही.