फुलवातीची माशी

चँडलर, ॲरिझोना
५ ऑक्टोबर २०२५

चि. अनय,
अनेक आशीर्वाद.

तू बरा असशील. इकडे उन्हाळा अजून हटत नाही. मागचं लिंबाचं झाड मात्र तगलंय. शेजारच्या अदितीकाकू रविवारी पोळ्या फ्रीझरमध्ये ठेवून जातात. म्हणजे माझं बरं चाललंय, असं समजायला हरकत नाही.

सोबत तुझा डबा पाठवतोय, ट्राउट मासे पकडायला गळावर पिसं-दोरा बांधून केलेल्या खोट्या माश्यांचा. हो, तोच. देवघरातल्या कृष्णाचं मोरपीस घेऊन माश्या बांधतोस म्हणून मी कचऱ्यात टाकला होता तो. "देवाच्या पिसानं मासे मारणारा माझ्या घरात नको," म्हणालो आणि तू खरंच गेलास. तुझ्या आईनं तो त्याच दिवशी कचऱ्यातून काढून शिलाईच्या पिशवीत लपवला. तीन वर्षं एका घरात राहून मला पत्ता नव्हता.

वरच्या कप्प्यातल्या तुझ्या आहेत. खालच्या अकरा तिच्या.

शेवटी तिला हॉस्पिटलमधून घरी आणलं, तेव्हा पलंगावर बसून बांधायची. गॅरेजमध्ये तुझ्याशेजारी बसून शिकली होती म्हणे. सुईत दोरा मी ओवून द्यायचो. सांगायची, "लहान ओढ्यातला मासा फार चिकित्सा करत नाही हो. पाणी पळतं, त्याला वेळ कुठे असतो? झाडांच्या सावलीत आपल्याला दिसेल आणि वर तरंगेल अशी माशी निवडायची, असं अनय म्हणतो." दिसावी म्हणून तिनं प्रत्येकीच्या पाठीवर फुलवातीचा कापूस बांधला. रोज एक. झाली की माझ्यापुढे धरायची. "आल्यावर यातली कुठली निवडेल तो?"

मी म्हणायचो, "सगळ्यात पांढरी."

"अहो, त्याला फोन लावलात का?" हेही रोज विचारायची.

मी रोज म्हणालो, "लावला. उचलत नाही."

अनय, मी एकदाही लावला नाही. फोन खिशातच होता. आधी वाटलं, त्यानं करावा, मी बाप आहे. मग वाटलं, उद्या करू. नंतर भीती बसली, की तू आलास तर माझं खोटं तिला कळेल. अकराव्या दिवशी तिच्या बोटांत जोर राहिला नव्हता. त्या शेवटच्या माशीचा दोरा सुटाच आहे, गाठ मला मारता येत नाही. "राहू दे, कामात असेल पोरगं," म्हणाली आणि कुशीवर वळली. पुन्हा विचारलं नाही.

ती गेल्यावर फ्युनरल होममध्ये तू मला विचारलंस, "बाबा, डिड शी आस्क फॉर मी?" मी म्हणालो, "नाही."

काल तिची एक माशी वाटीभर पाण्यात सोडून पाहिली. जरा वेळ तरंगली, मग कापूस भिजला आणि तळाशी गेली. वातीचा कापूस, तो पाणी पिणारच. हे तिला तू सांगितलं असतंस. तुला मी येऊ दिलं नाही. ती माशी पुसून परत डब्यात ठेवली आहे.

माफ कर असं लिहायला हात धजत नाही. यातली कुठलीच ओढ्यात टिकणार नाही. तरी एक निवड, ती वाट बघत होती.

तुला फोन न लावलेला,
बाबा