उसनं बळ

प्रिय धम्मदीप,

मागच्या खेपेला तू आर. के. पुरमचं आमचं क्वार्टर लखलखीत केलंस. पंखे पुसलेस, माळा आवरलास, तोंडाची टकळी थांबेना. मी खुळी, समताला म्हटलं, बघ, तुझ्या भावाला औषध लागू पडलं. पोरगी ताटं उचलत होती. तुझ्या ताटातली वरणफळं तशीच गार झाली होती, ते तिनं पाहिलं होतं.

निघताना बूट चढवता चढवता तूच सांगितलंस. एचआयव्हीची गोळी घेतली की डोकं गरगरतं, कॉल सेंटरात कामावर डुलकी लागते. गुडगावच्या मित्राची ती पांढरी पूड ओढली की अंगात घोडा संचारतो. म्हणून गोळी सोडली, पूड धरली. वर म्हणालास, मावशी, मी बिल्कुल फिट आहे यार. मला, मावशीला, यार. हसले मी. तुझी बस वळल्यावर तिथंच फुटपाथवर बसले.

मी शाळा पाहिली नाही, अक्षरं गिरवली ती तुझ्याच पाटीवर. म्हणून दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना, तुझं नाव न सांगता, विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, पूड बळ देत नाही, अंगात उरलेलंच ओरबाडून काढते. भूक मारते, झोप मारते, काळजाला ऊर फुटेस्तोवर पळवते. अंग असं खंगलं की विषाणूला रान मोकळं. त्यात गोळ्या चुकल्या की तो औषधाला सरावतो, मग तीच गोळी त्याच्यावर चालत नाही. पण माणूस वेळेत परत आला तर सावरता येतं, असंही म्हणाल्या. गरगरवणाऱ्या गोळीऐवजी दुसरी देता येते रे. तू विचारलंच नाहीस. आजार कुठून आला ते मी कधी पुसलं नाही, पुसणारही नाही. तेवढ्यासाठी तोंड लपवू नकोस.

हे पत्र टपालात पडणार नाही. दिल्लीतल्याच द्वारकेत, तुझ्या दारासमोर, जिन्यात बसून लिहितेय. फोन तू उचलत नाहीस. नवी सोसायटी, या मजल्यावर दुसरं कुणी राहायलाही आलेलं नाही. आत तुझ्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या, तोवर धीर होता. मघाशी काहीतरी जड पडल्यासारखं वाजलं, आणि तेव्हापासून आत सामसूम आहे. समता डॉक्टर आणायला धावलीय, गार्ड किल्लीवाल्याला घेऊन येतोय. कागद दाराखालून सरकवते. वाचू नकोस हवं तर. नुसता आत ओढ, बाळा. मी या टोकाला धरून बसलेय.

तुझीच,
कौशल्यामावशी