रमणच्या भिंतीचा पत्रा
शहादा, गुरुवार, १२ डिसेंबर १९६३

समोरच्या डॉक्टर रमणचा तो पत्रा काही डोक्यातून जात नाही. जिनिंग मिलकडे जाणारे कापसाचे ट्रक आमच्या दोघांच्याही दवाखान्यांवरून भोंगे वाजवतच जातात. पण त्याने भिंतींना बारीक भोकांचा पत्रा ठोकला, मागे सरकी काढलेली रुई भरली, आणि आता म्हणे त्याला छातीचे ठोके नळीतून स्वच्छ ऐकू येतात. कालचं पोर! घरात हिचंही तेच, "तठे कितलं शांत वाटस!"

म्हणून दिवाळीनंतर मीही तसाच पत्रा ठोकून घेतला. रुई कशाला विकत आणायची? शेतातला कापूस घरात पडलाच होता, तोच सरकीसकट ठोसला. सरकीला उंदीर लागतात, हे शेतकऱ्याच्या मुलाला सुचू नये?

आज ब्राह्मणपुरीची एक म्हातारी आली, छातीत धडधडतं म्हणून. नळी लावली. ट्रकचा आवाज खरंच कमी झालाय, पण त्यामुळेच भिंतीतली कुरकुर लख्ख ऐकू आली. म्हातारी घाबरली. "डाक्टरसाहेब, मन्ही छातीमा उंदीर शिरना का?"

"नही माय, भिंतमा शेतस," मी बोलून गेलो. कशाला बोललो?

तिने पदर सावरला आणि सरळ रस्ता ओलांडून रमणकडे निघाली. आणि तो ट्रकवाला, रोज माझ्याच दारात भोंगा दाबून धरणारा? तिच्यासाठी थांबला मेला. भोंगासुद्धा वाजवला नाही.