गिअरबॉक्सचा दोष नव्हता

बाबा, तुझ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, ते आधीच सांगून टाकते. तू जाऊन किती वर्षं झाली, तुझ्या फोटोची काचसुद्धा बदलून झाली, पण राग आहे तिथेच आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावते. चहा गाळताना रागावते, भाजी चिरताना रागावते. सुनेला वाटतं, सासूबाईंचा स्वभावच तिखट. तिला काय माहीत, मी तिच्यावर नाही, तुझ्यावर डाफरत असते.

पाचूबंदरला आपल्या पडवीतच तुझं दुकान होतं. तू आणि दादा होड्यांवर जाऊन इंजिनं खोलायचात आणि सुटे भाग घरी आणायचात. ते परातीत रॉकेल ओतून धुवायचं काम माझं. आई म्हणायची, हिच्या भाकरीलाही रॉकेलचा वास येतो. दर्याला नारळ दिला की होडीला बाईचं पाऊल लागू द्यायचं नाही, म्हणून चालतं इंजिन मी जवळून कधी पाहिलंच नाही. मला इंजिनं कळायची ती दोनच वाटांनी. एक, त्यांचे दात नि चकत्या माझ्या बोटांखालून जायच्या. दुसरी, संध्याकाळी होड्या बंदरात शिरताना पाण्यावरून आवाज यायचा. कोणाची होडी आली, तिचं काय दुखतंय, हे मी चुलीपुढे बसून सांगायचे. आणि तू रोज जेवताना विचारायचास, अगदी सहज विचारल्यासारखं, की आज अमक्याची होडी कशी वाटली गो? मी सांगायचे. दुसऱ्या दिवशी तू होडीवर जायचास, इंजिनावर तळहात ठेवून डोळे मिटायचास आणि नेमका तोच दोष काढायचास. बंदरावर लोक म्हणायचे, याच्या हाताशी इंजिन बोलतं. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा, हे आठवलं की आणखी संताप येतो.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मामाने होडीला नवं इंजिन बसवलं होतं. मामाच्या घरची रीत तुला माहीत होती. नारळ दिल्यापासून पहिली मासळी घरी येईपर्यंत होडीला पाना लावायचा नाही. बाकीचे सगळे नाखवे, होडीचे मालक, होडी पाण्यात चार दिवस मुरू द्यायचे, मग इंजिनाचा आणि पंखा फिरवणाऱ्या शाफ्टचा जोड पक्का करायचे. मामाच्या हट्टापायी तू तो जोड होडी वाळूवर टेकणांवर उभी असतानाच आवळलास. मी पडवीतून बघत होते. एवढ्या मोठ्या मेस्त्रीच्या तोंडून 'नाय' निघालं नाही. मामा बायकोचा भाऊ, त्याला कोण दुखवणार?

पहिली मासळी आली, पण होडी मागच्या बाजूने घरघरत आली. वेग वाढला की घरघर, धक्क्याजवळ गिअरचा दांडा मधोमध आणून पंखा थांबवला की आवाज गप्प. मामाने बंदरभर बोंब केली. इंजिन विकणाऱ्या कंपनीचा माणूस मुंबईहून आला आणि आमच्या मालात खोट नाही म्हणून अडून बसला. तू गिअरबॉक्स खोललास. मी दाते धुतले, एकही खरवडलेला नाही. तेल गाळलं, त्यात लोखंडाचा कण नाही. तू बंद केलास, आवाज तसाच. पुन्हा खोललास. पुन्हा मी धुतले. अरे, जे चक्र कालच स्वच्छ होतं त्याला आज काय होणार होतं? पण तू ऐकत नव्हतास.

मग दादाने त्या होडीतली जुनी दोरी आणून अंगणात टाकली. शाफ्ट होडीबाहेर जातो तिथे पाणी आत येऊ नये म्हणून चरबी लावलेली दोरी त्याच्याभोवती ठासतात, तीच. मी ती फेकायला उचलली तर एका बाजूने ती करपून चकचकीत झालेली आणि दुसऱ्या बाजूने जशीच्या तशी. म्हणजे शाफ्ट मधोमध फिरतच नव्हता. तू पाटावर बसला होतास, मामा तुझ्या शेजारी. मी दोरी तुझ्या ताटासमोर धरली आणि म्हटलं, "बाबा, गिअरबॉक्सचा दोष नाय. वाळूवर जोड आवळलास, होडी पान्यात फुगली नि खाली बसली. तो जोड सोडून आता पान्यात लाव."

तू माझ्या तोंडाकडे एकटक बघत होतास. मग म्हणालास, "हात धुव नि चुलीकडे बघ. होडी तू शिकवनार मना?" मामा हसला. आईने माझ्या हातातली दोरी काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीला होडी तरंगत असताना तू तो जोड सोडवलास. दादानेच येऊन सांगितलं, दोन चकत्यांच्या मध्ये दाढीचं पातं खालून सहज शिरत होतं आणि वरून शिरतच नव्हतं. तू इंजिनाखाली पट्ट्या घालून ते सरळ केलंस. दुपारी होडी निघाली ती मांजरासारखी. कंपनीचा माणूस खूश होऊन आपल्या पडवीत चहाला बसला आणि म्हणाला, ज्याने हा दोष शोधला त्याला आमच्या वर्कशॉपमध्ये शिकायला पाठवा, सहा महिने ठेवून घेतो. मी दारात उभी होते, हातभर रॉकेल. तू दादाच्या खांद्यावर हात ठेवलास. म्हणालास, "माझ्या पोरान शोधला."

मी म्हटलं, "मी सांगितलं होतं."

तू वळूनसुद्धा पाहिलं नाहीस. म्हणालास, "चा टाक गो बाय."

त्या माणसाने मला घेतलं नसतंच, हे मला कळतं. तो हसला असता. पण हसायचं ते त्याने हसायला हवं होतं, नको म्हणायचं ते त्याने म्हणायला हवं होतं. तू त्याच्या आधीच दार लावून घेतलंस. वर त्या शनिवारी माझ्यासाठी हिरव्या बांगड्या आणल्यास. रॉकेलच्या परातीत बुडणाऱ्या हातांना बांगड्या! मी त्या फळीवर ठेवून दिल्या आणि तू कधी विचारलं नाहीस, का घालत नाहीस म्हणून. दादा मुंबईला शिकायला गेला तो दिवाळीच्या आतच परत आला, त्याचं मन लागेना. त्याच्यावर माझा राग नाही, त्याला बिचाऱ्याला तुझ्यासारखंच नाही म्हणता येत नव्हतं. मी लग्नानंतर सातिवलीच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. खोके चिकटवत बसायचं आणि पलीकडच्या मशीनचं बेअरिंग रडतंय ते ऐकत राहायचं. जन्म त्यात गेला.

तू गेल्यावर आईने सांगितलं. तुला त्या सुमारास कानाने कमी ऐकू येऊ लागलं होतं, आयुष्यभर इंजिनांशेजारी बसून. तिला माहीत होतं, बाकी कोणाला नाही. बहिऱ्या मेस्त्रीला होडी कोण देणार? तेव्हा मला कळलं, तू तळहात का ठेवायचास, माझ्या ओठांकडे का बघायचास, आणि रोज जेवताना होड्यांचं का विचारायचास. सगळ्यांना वाटतं, हे कळल्यावर मी तुला माफ केलं असेल. उलट राग दुप्पट झाला. बाबा, तुझा बहिरेपणा लपवायचा होता तर मी लपवला असता. तुझ्याशेजारी बसून जन्मभर लपवला असता. तू मला का लपवलंस?

आता माझंही वय झालं. माणिकपूरच्या डॉक्टरने कान तपासले आणि यंत्र लावायला सांगितलं. मी घरी कोणाला बोलले नाही. परवा विहिरीवरचा पंप सुरू केला, मला काहीच वेगळं वाटलं नाही. सून धावत आली, म्हणाली, आई, बंद करा, आत काहीतरी घासतंय. मी खोलला, बेअरिंग गेलेलं. नवं बसवून हात पुसत होते तर शेजारीण कुंपणावरून म्हणाली, तुमचे कान बाई अजून शाबूत. सून बाजूलाच उभी होती, हाताला ग्रीस लागलेलं.

मी म्हटलं, माझे नाहीत, हिने ऐकलं. बस, एवढंच बोलायचं होतं. इतकं सोपं होतं, बाबा. पडवीतल्या त्या दुपारी तुला तेवढं एक वाक्य जमायला काहीच हरकत नव्हती.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, बांगड्यांच्या डब्यात ठेवून देईन. तुझ्याशी खोटं बोलून मिळवायचं काय, म्हणून राहिलेलं लिहिते. शेजारणीला मी आधी हो म्हटलं होतं. सून आत जायला वळली, तेव्हा मग खरं सांगितलं.